मला ध्यान लागायचं

आधी माफी मागतो. मी रत्नागिरीत बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. मी डॉक्टर नाही. ध्यानातलं मला काही कळत नाही, हे तर आता तपासण्यांनीच दाखवून दिलं आहे. अशा मुलानं आजार आणि ध्यान या दोन्हींवर लिहायला बसणं जरा आगाऊपणाचंच आहे. तरी लिहितो. दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो तेव्हा माझ्यासारख्याच कुणा घाबरलेल्यानं लिहिलेल्या चार ओळी वाचायला मिळाल्या असत्या, तर मला धीर आला असता.

आजाराचं नाव कळलं तो दिवस अजून जसाच्या तसा आठवतो. कोल्हापूरच्या एक मेंदूविकारतज्ज्ञ डॉक्टर महिन्यातून एकदा इथे येतात. त्यांच्यासमोर मी आणि माझा रूममेट अल्ताफ असे दोघं बसलो होतो. आदल्या आठवड्यात मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत पडलो होतो. अल्ताफनं त्याचा व्हिडिओ काढला होता आणि मॅडम तो मोबाइलवर दुसऱ्यांदा बघत होत्या.

"असं आधी कधी झालं होतं?" त्यांनी विचारलं.

"नाही मॅडम. पडलो पहिल्यांदाच. आधी फक्त ध्यान लागायचं."

त्यांनी मोबाइल खाली ठेवला. "काय लागायचं?"

"ध्यान. आठवीपासून लागतं. गावात सगळ्यांना माहीत आहे."

अल्ताफ छताच्या पंख्याकडे बघायला लागला. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्याबद्दल मी जन्मभर त्यांचा ऋणी राहीन. त्या म्हणाल्या, "ध्यान लागतं तेव्हा काय काय होतं, सावकाश सांग."

मी सांगितलं. आधी पोटातून काहीतरी वर चढत येतं. मग जळक्या करवंटीसारखा वास येतो. मग काही नसतं. मग भोवती माणसं असतात आणि मला खूप तहान लागलेली असते.

"मधल्या वेळात कोण काय बोललं, कुठला आवाज झाला, यातलं काही आठवतं?"

"काहीच नाही. म्हणून तर ते ध्यान, मॅडम."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या, "अरे बाळा, ध्यानात माणूस हजर असतो. एरवीपेक्षा जास्त हजर असतो. तू त्या वेळी तिथे नसतोसच."

मग त्यांनी नाव सांगितलं. फोकल एपिलेप्सी. एपिलेप्सी म्हणजे अपस्मार, आपण ज्याला फीट येणं म्हणतो ते. फोकल म्हणजे मेंदूच्या एकाच भागातून सुरू होणारी. प्रत्येक फीटमध्ये माणूस हातपाय झाडत खाली पडतोच असं नाही. कधी तो नुसता टक लावून बसतो, ओठ चाळवतो, बटणाशी बोटांनी खेळत राहतो. पोटातून चढणारं ते आणि तो वास यांना ऑरा म्हणतात. ती फीटची सुरुवातच असते.

मला आजाराची भीती वाटायला हवी होती. ती नंतर वाटली. त्या खुर्चीत मला वाटलं ते वेगळंच. आपल्याकडे एक चांगली गोष्ट होती आणि ती आत्ता कुणीतरी काढून घेतली, असं वाटलं.

ती गोष्ट कशी होती, ते सांगायला हवं.

आमचं गाव रत्नागिरीजवळच्या पालीपासून आत आहे. देऊळ चिऱ्याचं, मागे रातांब्याची झाडं. गुरुवारी तिन्हीसांजेला भजन असायचं. भजनाचे बुवा म्हणजे धाकूबुवा, माझ्या आईचे चुलते. दिवसभर चिरेखाणीत काम करायचे. आंघोळ करून आले तरी नखांतली तांबडी माती तशीच असायची. त्याच हातांनी पखवाजाला कणीक लावायचे. पखवाजाच्या डाव्या अंगाला ओली कणीक लावल्याशिवाय तो घुमत नाही. उरलेली कणीक मी मागून घ्यायचो आणि तिच्या चिमण्या करायचो. माझे वडील मुंबईला, वर्षातून गणपतीला आणि शिमग्याला घरी यायचे. मधल्या सगळ्या महिन्यांत मला हाक मारणारा पुरुषाचा आवाज बुवांचाच होता.

आठवीत असताना एका गुरुवारी मी टाळ वाजवता वाजवता थांबलो म्हणे. समईकडे टक लावून बसलो, ओठ हलत होते, बोटं शर्टाच्या बटणावर जप केल्यासारखी फिरत होती. बुवांनी हात वर केला, पखवाज थांबला. मी शुद्धीवर आलो तेव्हा सगळं देऊळ माझ्याकडे बघत होतं आणि बायांनी हात जोडले होते.

"काय वाटलं रे दिनू?" बुवांनी विचारलं.

"पोटातून कायतरी वर आलं."

बुवांचे डोळे भरून आले. "कुंडलिनी," ते म्हणाले. "माज्या बापसाला आख्खा जन्म बसून नाय गावली. पोराला गावली."

वासाचंही मी सांगितलं. मी जळकी करवंटी म्हटलं होतं. आठवडाभरात गावात त्याचं चंदन झालं.

तेव्हापासून माझी जागा समईजवळ. दर काही आठवड्यांनी मला ध्यान लागायचं आणि नंतर लोक मला काहीबाही विचारायचे. मला बोलता यायचं नाही, जीभ जड झालेली असायची. "पाणी" एवढंच तोंडातून निघायचं. एका वर्षी वाडीतल्या एका काकांनी, विहीर कुठे खणू, असं विचारलं आणि मी "पाणी" म्हणालो. माझं तोंड होतं त्या दिशेला त्यांनी खणली. पाणी लागलं. आमच्याकडे पावसानंतर कुठेही खणलं तरी लागतं, पण हे तेव्हा कोण बोलणार?

हसू येतं ना? मलाही येतं. पण त्या देवळाच्या थंड फरशीवर, बुवांच्या मांडीवर डोकं ठेवून मी नंतर झोपून जायचो आणि ते माझ्या अंगावर आपलं उपरणं टाकायचे. त्याला कापराचा आणि चिऱ्याच्या धुळीचा वास यायचा. एवढं जपलेलं मला पुन्हा कधी वाटलेलं नाही. आज त्या वासासाठी मी काहीही देईन.

तर, प्रयोगशाळा. परीक्षा जवळ आली होती, झोप होत नव्हती. हातात ब्युरेट होती आणि करवंटी जळाल्याचा वास आला. मला वाटलं, इथे कुठे ध्यान, आता नको. पुढचं अल्ताफकडून कळलं. मी सरळ आडवा झालो आणि माझे हातपाय झटके द्यायला लागले. कुणी चप्पल आणली, कुणी कॅन्टीनमधून कांदा आणला. एक जण दातांत चमचा घालायला निघाला. अल्ताफ खाडीकाठच्या गावातला. त्याच्या चुलतबहिणीला फीट यायची, म्हणून त्याला माहीत होतं. त्यानं मला कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपली बॅग ठेवली आणि सगळ्यांना मागे सारून व्हिडिओ काढला.

मागाहून मी चिडलो. "मी मरत होतो आणि तू शूटिंग करत होतास?"

"मरत नव्हतास. आणि तुला तरी कुठं माहीत होतं तू काय करत होतास?" तो म्हणाला. "त्या चप्पलवाल्याचे आभार मान. तिचा वास घेऊन तू उठला नाहीस म्हणजे खरंच आजारी होतास. मेलेला पण उठला असता."

वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी हे असेल तर एवढं लक्षात ठेवा. कुशीवर वळवा, आसपासचं टोकदार काही बाजूला करा, तोंडात काही घालू नका, दाबून धरू नका. झटके पाच मिनिटांत थांबले नाहीत तर तडक दवाखान्यात न्या. चप्पल आणि कांदा आपापल्या जागी बरे.

मॅडमनी दोन तपासण्या सांगितल्या. पहिली ईईजी. डोक्याला बऱ्याच तारा चिकटवतात आणि मेंदूतल्या विजेची रेघ उमटवतात. दुखत नाही. फक्त आदल्या दिवशी केस धुऊन यायचं, डोक्याला तेलाचा थेंब नको, नाही तर तारा चिकटत नाहीत. आमच्या आईला हे पटेना. "दवाखान्यात जायचं तर पोरगा असा भुरभुरीत केसांनी जाणार? लोक काय म्हणतील, आयस मेली काय याची?" ती बरोबर आली होती आणि पिशवीत तेलाची बाटलीही आणली होती. सिस्टरांनी ती हसत हसत काढून घेतली.

दुसरी एमआरआय. ती कोल्हापूरला केली. लांब नळीत निजवून मेंदूचे फोटो काढतात, यंत्र खूप आवाज करतं. आत पडल्या पडल्या मी मनात पखवाजाचे बोल म्हणत होतो. तेवढ्यापुरतं ते यंत्र बेताल वाजवणारा कुणी नवशिका वाटलं आणि भीती कमी झाली. परतताना एसटी आंबा घाट उतरत होती आणि आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बुवांना काय सांगायचं रे?"

एमआरआयमध्ये गाठ वगैरे काही नव्हती. ईईजीमध्ये डाव्या कानाच्या वरच्या भागात विजेचे टोकदार काटे उमटले होते. मॅडमनी ते बोटानं दाखवले. "ही बघ तुझी कुंडलिनी," असं त्या म्हणू शकल्या असत्या. त्या म्हणाल्या, "हे गोळ्यांनी आटोक्यात येतं. बहुतेकांना येतं."

गोळ्या सुरू झाल्या. पहिले काही आठवडे मी तासाला बसल्या बसल्या पेंगायचो. मग शरीराला सवय झाली. गुरुवार येत गेले आणि काहीच होईना. पोटातून काही चढेना, वास येईना. बरं होत होतो हे कळत होतं. तरी तिन्हीसांजेला होस्टेलच्या गच्चीवर उभा राहिलो की मला आपण एकदम साधे झाल्यासारखं वाटायचं. कुणी हात जोडावेत असं माझ्यात आता काही उरलं नव्हतं.

पुढच्या भेटीत मी धीर करून विचारलं, "मॅडम, मग खरं ध्यान मला कधीच लागणार नाही का?"

त्यांनी पुढच्या पेशंटला जरा थांबायला सांगितलं. मी विचार थांबवण्याला ध्यान समजत होतो. त्या म्हणाल्या, विचार कुणाचेच थांबत नाहीत. रोज थोडा वेळ बस, श्वासाकडे लक्ष दे. लक्ष पळालं की पळालं हे ओळख आणि परत आण. तेवढंच. पद्मासन नको, खुर्चीवर बसलास तरी चालेल. "पण हे गोळीच्या ऐवजी नाही," त्यांनी बजावलं. "ध्यान करतो म्हणून गोळ्या सोडल्या आणि मोठी फीट घेऊन आले, असे पेशंट मी बघते. गोळी फीटसाठी. बसायचं ते मन थाऱ्यावर राहावं म्हणून. आणि झोप पूर्ण घ्यायची, जागरण करून साधना वगैरे अजिबात नाही."

मी बसून बघितलं. श्वास एक, दोन, आणि मन मेसच्या आमटीत. परत श्वास, आणि मन पालीच्या बाजारात. पुढच्या वेळी मी मॅडमना म्हणालो की मला जमत नाही, सारखं मन भटकतं. त्या म्हणाल्या, "भटकतं हे तुला कळतंय ना? पूर्वी कळत होतं?" पूर्वी कळत नव्हतं. पूर्वी कळायला मीच नव्हतो.

सुट्टीत घरी गेलो. बुवांना सांगणं भाग होतं, आणि माझ्यापुरतं असतं तर कदाचित मी ते टाळतही राहिलो असतो. पण समईजवळच्या माझ्या जागेवर आता बुवांची नात बसत होती. आर्या, तिसरीतली. भजनाच्या मध्येच ती थांबली. पापण्या थरथरल्या, नजर कुठेतरी लागली आणि पाण्यातून वर यावं तशी थोड्याच वेळात परत आली. बायांनी हात जोडले. बुवांनी माझ्याकडे बघून हसून मान हलवली. घराणं पुढे चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला विहिरीवर पाणी शेंदताना बघितलं. आमच्याकडच्या विहिरींना कठडा गुडघ्याएवढा असतो. ती वाकून दोर ओढत होती. मी धावत जाऊन तिच्या हातातून दोर घेतला.

त्याच संध्याकाळी देवळात गेलो. बुवा एकटेच पखवाज घेऊन बसले होते. मी सगळं सांगितलं, मॅडमचे शब्द, ईईजीतले काटे, गोळ्या. आर्याचंही सांगितलं. मला कसं बोलायचं ते कळत नव्हतं, वाक्यं अर्धीच राहत होती. त्यांचा कणीक मळणारा हात थांबला.

"म्हंजे इतकी वर्सं आमी हात जोडले ते रोगाला?"

त्यांनी कणकेचा गोळा बाजूला ठेवला.

"कालेजात धाडला तुला ते हे शिकायला? नि आता आर्याबायला गोळ्या चारू? तिचं ध्यान मारून टाकू?"

"बुवा, ध्यान असेल तर ते गोळीनं मरत नाही," मी म्हणालो. हे मॅडमचं वाक्य नव्हतं, माझंच होतं, आणि बरोबर आहे की नाही ते मला अजूनही नक्की माहीत नाही. "तुम्ही एकच करा. तिचं ध्यान उतरलं की तिला विचारा, आत्ता आपण कुठलं कडवं म्हणत होतो. ध्यानात असेल तर तिला माहीत असेल. तुम्हाला नसतं का माहीत? डोळे मिटून गाता तेव्हाही कोण कुठे चुकला ते तुम्ही सांगता."

ते पाठ फिरवून कणीक लावत बसले. मी त्या पाठीशीच बोलत राहिलो. तपासणी कशी असते, दुखत नाही, केस धुऊन न्यायचं, तेल लावायचं नाही, मॅडम महिन्यातून कधी येतात. ते ऐकत होते की नाही कळेना. शेवटी त्यांनी पखवाजावर एक थाप मारली, म्हणजे मी जावं.

आईला मात्र मी निघताना बजावलं की आर्याला विहिरीवर एकटीला सोडू नकोस. आई रोज तिच्या वाटणीचं पाणी शेंदायला लागली. "माजी कंबर तुज्या डाक्टरणीकडनंच दुरुस्त करून आण," असं ती फोनवर सुनवायची. बुवांचं विचारलं की म्हणायची, "तुजं नाव काढत नाय. पण भजनात हल्ली मधीच थांबतो. म्हातारा झाला, इसरत असेल."

पूर्वी घरी गेलो की बुवा एसटीच्या थांब्यावर यायचे, माझी पिशवी घ्यायचे. त्या पावसाळ्यात दोनदा गेलो, थांब्यावर कुणी नव्हतं. देवळात गेलो तर ते भजनात मान वर करायचे नाहीत. माझ्या गोळ्या चालू होत्या, फीट एकही आली नव्हती, परीक्षाही बरी गेली होती. सकाळी खुर्चीवर बसायचो, श्वास मोजायचो, आणि मन पळून जायचं ते बहुतेक वेळा त्या गुडघाभर कठड्याच्या विहिरीकडेच. परत आणायचो. परत पळायचं.

हे सगळं लिहायला घेतलं तेव्हा शेवट काय करायचा ते मला माहीत नव्हतं. डॉक्टरांचे आभार, अल्ताफचे आभार, असं काहीतरी लिहून संपवणार होतो. आज सकाळी मेसच्या रांगेत उभा होतो आणि फोन वाजला. नंबर अनोळखी होता. मागे माणसांची गलबल, कुणीतरी नंबर पुकारत होतं.

"दिनू, मी बोलतोय."

बुवा स्वतः कधी फोन लावत नाहीत. मी रांगेतून बाहेर आलो.

"दर गुरुवारी इचारलं रे तिला," ते म्हणाले. "पखवाज मधीच थांबवून इचारलं. दर बारीला तिचं एक कडवं गळतंय. आदलं सांगते, नंतरचं सांगते. मधलं नायच." त्यांचा श्वास ऐकू येत होता. "माज्या मांडीला मांडी लावून बसलेली नि तिला माजा आवाज ऐकू नाय येत."

"बुवा, तुम्ही कुठे आहात?"

"रत्नागिरीत. दवाखान्यात. आज येणार म्हणालावतास ना तुजी डाक्टरीणबाय? केस पेपर काढलाय. कुठच्या खोलीत बसते ती?"

मी खोली सांगितली. आत्ता येतो म्हणालो, बाकावरून हलू नका म्हणालो. फोन ठेवणार तेवढ्यात ते घाईनं म्हणाले,

"नि आयक. कालच बायचं डोकं धुतलंय. तेलाचा थेंब नाय लावलेला."